तक्रार न येणारा बिघाड

नेटवर्क बंद पडलं की फोनवर फोन येतात आणि बिघाड निम्मा तिथेच सापडतो. मला धास्ती वाटते ती सगळं सुरळीत दिसत असताना आतून निकामी झालेल्या गोष्टीची. आयपीव्हीसिक्सच्या तात्पुरत्या पत्त्यांचा बिघाड नेमका या जातीचा.

आयपीव्हीसिक्स पत्त्याचा मागचा अर्धा भाग, म्हणजे ६४ बिट, पूर्वी सरळ नेटवर्क कार्डाच्या मॅक क्रमांकावरून बनायचा. त्यात मधोमध 'एफएफ एफई' दिसलं की ओळखावं. लॅपटॉप घरी असो, ऑफिसात असो की विमानतळावर, हा भाग बदलत नाही, त्यामुळे माणसाचा माग काढणं सोपं. त्यावर उतारा म्हणून २००१ साली रँडम आकड्यांचे तात्पुरते पत्ते आले. लिनक्समध्ये असा पत्ता एरवी दिवसभर चालतो. मग नव्या जोडण्या नव्या पत्त्यावरून निघतात. जुन्या मात्र आणखी काही काळ जुन्यावर तग धरतात.

२०१३ साली लिनक्स कर्नलमधली एक त्रुटी नोंदली गेली. एका इंटरफेसवर आपोआप बनणाऱ्या पत्त्यांची मर्यादा १६. त्याच लॅनवरून कुणी खोटा राउटर बनून प्रीफिक्सांचा, म्हणजे पत्त्याच्या पुढच्या भागांचा, मारा केला की ती भरते, नवा तात्पुरता पत्ता बनत नाही, आणि काही प्रयत्नांनंतर कर्नल ती सोयच बंद करतो. ब्राउझर चालतो, मेल येते. फक्त बाहेर जाणारा पत्ता आता मॅकवरून बनलेला असतो.

अशा यंत्रासमोर बसल्यावर रीस्टार्टचा मोह आवरावा लागतो, कारण त्यात पुरावाच पुसला जातो. मी आधी पत्त्यांची यादी काढतो. निरोगी यंत्रावर काही ओळींत 'टेम्पररी' असतं आणि उरलेले सेकंद उतरत असतात. इथे तो शब्दच नाही. मग सेटिंग बघायची: फाइलमध्ये २ लिहिलेलं, म्हणजे तात्पुरता पत्ता आधी वापर; कर्नल सांगतो -१, म्हणजे सोय बंद. लॉगमध्ये खूप मागे गेल्यावर सोय बंद केल्याची एक ओळ सापडते.

पुढे तात्पुरते पत्ते त्या मर्यादेतून वगळले गेले, ते योग्यच झालं. पण लॉगमधली एक ओळ मला पुरेशी वाटत नाही. ज्याने गोपनीयता मागितली होती, त्याला ती काढून घेतल्याचं कळायलाच हवं. म्हणून माझी तपासणीची स्क्रिप्ट फाइलवर विसंबत नाही. ती चालू कर्नलला विचारते, आणि उत्तर २ नसेल तर मला लगेच कळवते.