१३०० मिलिमीटरमधला दुष्काळ

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या साकोलीत वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे ऐकलं की बीड-सोलापूरकडचे मित्र म्हणतात, "मग तुम्हाला कसला दुष्काळ?" मी त्यांना धानाचं गणित सांगतो. मृगात पऱ्हे (धानाची रोपवाटिका) टाकले आणि आर्द्रा-पुनर्वसूत पाऊस आला, की साधारण पंचवीस दिवसांचं रोप चिखलात लागतं, भरपूर फुटवे धरतं. पावसानं दडी मारली तर तेच रोप जागेवर म्हातारं होतं. मग उशिरा रोवणी करून वरून कितीही पाणी कोसळलं, तरी फुटवे बेताचेच. वर्षाअखेरीस पावसाची बेरीज सरासरी गाठते. घरात धान मात्र कमी येतं.

२०२३चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दुसरीकडे, मध्य भारतात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं होतं. म्हणजे पाऊस आहे, पण एक तर धो धो, नाही तर गायब. असं पाणी अडवून ठेवायला जागा हवी.

ती जागा आमच्याकडे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजानं बांधले. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, १९५१ नंतर तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजेच 'मामा तलाव' हे नाव उरलं. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या वापराचे, हक्क कागदावर राहिले. पण पाळ दुरुस्त करणं, पाट साफ करणं, कुणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी पाणी द्यायचं ते ठरवणं, ही गावानं वाटून घेतलेली कामं हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत. तलावांच्या पोटात गाळ आणि काठाला बेशरमची चिवट झुडपं वाढत गेली.

आमच्या गावचा तलाव असाच. गाळ काढायचा ठराव ग्रामसभेत आला तेव्हा मी तरुणांच्या बाजूनं बोलायला उभा होतो. मागणी साधी होती: मशीन लावा, खोल करा. गाळ शेतात जाईल, तलावात पाणी वाढेल. तेवढ्यात मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या मावशी उठल्या. "बाबू, गड्डा नोको खोदू. गड्ड्यात पानी राह्यते, मासोरी नाई राह्यत. तिले अंडे घालाले उथर जागा लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला काठानं फिरवलं. जिथं जमीन हळूहळू उतरत जाते तिथं त्यांनी बोटांनी चिखल उकरून पाणवनस्पतींची मुळं दाखवली. मरळ, मांगूर यांचा आसरा तोच. मग त्या तुडुमाकडे वळल्या. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची मोरी. तिच्या तळापेक्षा खोल खोदलं तर ते पाणी उतारानं पाटात येणारच नाही. मोटर लावून उपसावं लागेल. खालचा चिकण थर फोडला तर पाणी जिरून जाईल, ते वेगळंच. इंजिनिअरच्या नकाशात जे दिसायला हवं होतं, ते त्यांनी अर्ध्या तासात दाखवलं.

याच भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजासोबत असे तलाव पुन्हा जिवंत केले आहेत: आधी बेशरम मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, पाणी आलं की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. आम्ही तीच वाट धरली. गाळ सपाट थरानं काढला, उतार राखला. बेशरम उपटायला बायकाच पुढे होत्या. ती कापली तर पुन्हा फुटते, म्हणून मुळावर कुदळ.

खरं अवघड काम त्यानंतरचं. पावसात खंड पडला की प्रत्येकाला आजच पाणी हवं असतं. बरीच भांडणं झाली, आणि शेवटी नियम ठरला: आधी पाटाच्या शेपटाकडच्या बांध्या, मग तोंडाकडच्या, आणि मासोळीपुरतं पाणी तलावात ठेवायचंच. सोबत पऱ्हे दोन टप्प्यांत टाकायचं ठरलं, म्हणजे एक रोप वाढून गेलं तरी दुसरं हाताशी. ज्यांच्या बांध्या उंचावर, त्यांनी लवकर निघणारे हलके धान घ्यावेत, अशी शिफारस केली. साकोलीतच धानाचं कृषी संशोधन केंद्र आहे, तिथं विचारायला जाणं सोपं.

यानं सगळं सुटलेलं नाही. उन्हाळी धानाला बोअरचं पाणी ओतणं चालूच आहे, आणि मासेमारीचा ठेका दरवर्षी नवा वाद आणतो. पण हवामानबदलावर बाहेरून येणारी कुठलीही योजना गावात उतरते ती तलाव, पाट आणि बांधीतूनच. तेव्हा तुमच्या ग्रामसभेत खोलीकरणाचा ठराव आला, तर सही करण्याआधी दोन गोष्टी करा: तुडुमाची पातळी मोजा, आणि त्या तलावात रोज उतरणाऱ्या बायकांना बोलू द्या.