असईचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडला लग्न होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की डीजे रात्री फार उशिरापर्यंत वाजला आणि वरणबट्टी उत्तम होती. दुसऱ्या दिवशी पाहुणेमंडळी पत्ते कुटायला बसली, तेव्हा मी भाचेजावयाला त्याच्या मोटारसायकलसकट पळवलं. तो मिरचीचा व्यापार करतो आणि गाडी चालवताना मान मागे वळवून बोलतो.

"मामा, असईत काय पाह्याचं आहे?"

"लढाई."

"ती झाली ना पण?"

झाली, २३ सप्टेंबर १८०३ ला. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. हे मी मागच्या सीटवरून ओरडून सांगितलं. त्याला वॉटर्लू पार्कचं नाव वाटलं असावं.

खरं तर मला लढाईपेक्षा तिची आठवण कशी ठेवलीय ते बघायचं होतं. मला विजयस्तंभ आवडत नाहीत. त्यांच्यापुढे उभं राहिलं की कोणीतरी आपल्यावर खेकसतंय असं वाटतं. मला आवडतो तो इंग्लंडातल्या खेड्यांत चर्चच्या आवारात उभा असलेला साधा दगडी क्रॉस. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांना मायदेशी आणायचं नाही, जिथे पडले तिथेच पुरायचं, असं ब्रिटिश सरकारने ठरवलं. घरच्यांना फूल वाहायला कबरही उरली नाही. मग गावोगाव वर्गणी निघाली, क्रॉस उभे राहिले आणि त्यांवर गावातल्या पोरांची नावं कोरली गेली. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या गड्याचा मुलगा एकाखाली एक. खडकीच्या युद्धस्मशानभूमीतला खाली टोक असलेल्या तलवारीचा क्रॉस त्याच काळातल्या कल्पनेचा. आपल्याकडेही त्या युद्धानंतर खेड्यांत पाट्या लागल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे तर ४६ जण कामी आले. पण त्या पाट्यांचा मजकूर ठरलेला: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. आकडा आहे, नावं सहसा नाहीत. मग त्याच्याही शंभरेक वर्षं आधीच्या असईत काय असेल, हा किडा माझ्या डोक्यात धाडला पोचण्याआधीच शिरला होता.

बुलढाणा जिल्हा संपून जालना जिल्हा कुठे लागला ते कळलं नाही. चहा अचानक दुप्पट गोड झाला, त्यावरून मराठवाड्यात आलो असा मी अंदाज बांधला. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा, आणि आमचं धाड वऱ्हाडातलं.

असईत लढाईत पडलेल्या गोऱ्या साहेबाची कबर विचारली तर तिघांनी तीन झाडं दाखवली. तिन्ही ठिकाणी गेलो. तिन्ही झाडं छान होती. तिसऱ्याशेजारच्या तुकड्यात एक म्हातारे गृहस्थ तुरीच्या कडेला बसून होते. आम्ही बांधावरून वाकून दगड बघतोय असं दिसल्यावर त्यांनी हाक मारली.

"मोजणीवाले का?"

नाही म्हटल्यावर चेहरा उजळला आणि आम्हाला जेवायलाच बसवलं. कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात आणि ठेचा. ठेचा जिभेवर ठेवताच भाचेजावयाने डोळे मिटले, मिरची कोणती ते ओळखलं आणि डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत भाव विचारला. त्यावर बराच वेळ गेला. मी तेवढ्यात तिसरी भाकरी संपवली.

"काका, इथे नांगरताना गोळ्या सापडतात म्हणे?"

"पहिले लई सापडायच्या. शिशाच्या. आमच्या आज्यानं वितळवून जाळ्याला वजनं केली." एक मात्र त्यांनी ठेवली होती. नातवाने खोपटातून आणून माझ्या हातावर दिली. बोराएवढी, पण बोराला नसतं तेवढं वजन.

मग मला राहवेना. मी जमिनीवर काडीने केळना आणि जुई काढली आणि लढाई लावून दिली. शत्रू केळनेपलीकडे, वेलस्ली अलीकडे, आणि वाटाडे सांगताहेत की नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. एवढी जवळ गावं असताना मधे उतार नाही हे शक्य नाही, असं म्हणून त्याने फौज तिकडे वळवली, आणि उतार निघाला. इंग्रज लेखक या तर्काचं आजवर कौतुक करतात.

काकांना काही विशेष वाटलं नाही. "उतार असणारच. अलीकडच्या पोरी पलीकडं दिल्या नसतील का?"

शिंद्यांच्या गोलंदाजांवर मात्र ते खूश झाले. इंग्रज फौज तोफा ओलांडून पुढे गेली तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"मंग मेले किती?"

इंग्रजांचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीत पाचशेतले चारशेच्या आसपास पडले किंवा जखमी झाले. तिला आणि आणखी दोन पलटणींना निशाणावर असईचा हत्ती मिळाला. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्तीही तोच.

"अन आपले?"

आपले म्हणजे कोण, इथे माझी गाडी अडली. शिंद्यांच्या पलटणींतले शिपाई बरेचसे उत्तरेकडचे पुरबिये. त्यांचा सेनापती पोलमन हॅनोव्हरचा, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीतच सार्जंट असलेला. बेगम समरूच्या पलटणी होत्या, भोसल्यांचे स्वार होते. पलीकडे कंपनीचे मद्रासी शिपाई, म्हैसूरचे स्वार आणि, हे सांगताना मी भाकरीकडे बघत होतो, पेशव्यांचे मराठे स्वार. शिंदे-भोसल्यांकडच्या मेलेल्यांचा आकडा लोक अंदाजाने सांगतात, आणि तो अंदाजही इंग्रजांचाच. मैदानात ९८ तोफा सापडल्या. त्या मात्र नीट मोजल्या गेल्या.

"तोफा मोजल्या," काका म्हणाले आणि भाचेजावयाच्या ताटात आणखी ठेचा वाढला.

मी म्हटलं, इथे एखादा दगड तरी हवा. नावं नाहीत तर नाहीत, पण पुरबिये, मद्रासी, मराठे, हायलँडर असं एकाखाली एक कोरता येईल. मला माझी कल्पना फार आवडली. काकांनी शांतपणे हात धुतले, तुकड्यावरून एकदा नजर फिरवली, आणि म्हणाले, "करा ना. पण रस्त्याच्या पलीकडं करा. इकडं औंदा बोअरला पाणी लागलंय."