रातातुई आणि पोपटी

आई माहेरची खालापूरची. तिच्या पंचाहत्तरीला, मुलांच्या हट्टाखातर, आम्ही तिकडच्याच एका बड्या फ्रेंच उपाहारगृहात जेवायला गेलो. पदार्थांची नावे वाचता वाचताच भूक दमली! अखेर भल्यामोठ्या बशीत वांगी, टोमॅटो आणि भोपळी मिरचीच्या चार चकत्या आल्या. नाव रातातुई. भाज्या अर्ध्याकच्च्या, रस्सा गार. आईने पाव मोडून रस्सा टिपला, तोच वाढप्याने अदबीने काटा पुढे सरकवला. तिचा हात थबकला.

वास्तविक रातातुई ही दक्षिण फ्रान्सातल्या नीसकडच्या गरीब शेतकऱ्यांची भाजी. उन्हाळ्यात पिकेल ते मंद आचेवर शिजवायचे आणि पावाने टिपून खायचे. आपली पोपटी तरी दुसरे काय? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा. तोंडाशी पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा. थंडीत कर्जत-खालापूरच्या शेतांवर आजही पोपट्या लागतात.

बेचव जेवण विसरता येते. बिलही विसरता येते. पण शेतकऱ्याच्याच अन्नापुढे आईला आपल्या हाताची लाज वाटावी? नीसच्या शेतकरणीने तर तिला शेजारी बसवून आणखी पाव वाढला असता.