टायगर रणगाडा आणि तो घडवणारे हात

माझ्या टेबलावर सध्या एक टायगर रणगाडा उभा राहतोय. प्रमाण १/३५, म्हणजे लांबी-रुंदी-उंची खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची. प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे. मग प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी पातळ तपकिरी रंग सोडून खाचाखोचांत मळ बसवायचा. चळवळीतले मित्र विचारतात, ‘भीमसैनिकाला हे युद्धाचं खेळणं कशाला?’ प्रश्न रास्त आहे.

या छंदात नाझी जर्मनीच्या रणगाड्यांचं कौतुक फार. वर ठरलेलं वाक्य : ‘राजकारण बाजूला ठेवा, यंत्र बघा.’ ठीक आहे, यंत्रच बघू. टायगरची चाकं एकमेकांत गुंतवलेली आहेत. मॉडेलवर ती एकेक बसवताना कळतं, की आतलं एक चाक बदलायला बाहेरची चाकं आधी उतरवावी लागत. चिखलात, बर्फात हे काम कोण करत होतं? खोक्यावरचं रुबाबदार चित्र ते सांगत नाही. असे सुमारे १,३५० टायगर जर्मनीतल्या कासेल शहरात, हेन्शेलच्या कारखान्यात तयार झाले. व्याप्त देशांतून धरून आणलेल्या माणसांना हेन्शेलने सक्तीने राबवलं. माणसांची उतरंड लावणाऱ्या विचारानेच या यंत्राला मजूर पुरवले. मग यंत्र राजकारणापासून वेगळं कसं काढणार?

ही लबाडी आपल्या ओळखीची आहे. किल्ला दाखवताना राजाचं नाव सांगतात. दगड फोडणाऱ्याचं, चुना मळणाऱ्याचं सांगत नाहीत.

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ब्रिटिश सत्तेबद्दल त्यांना भ्रम नव्हता. तरीही नाझीवादाचा पराभव हा मजुरांच्या स्वतःच्या हिताचा प्रश्न आहे, अशी स्पष्ट भूमिका त्यांनी घेतली. आज ‘हिटलरसारखा कडक नेता हवा’ म्हणणारे आपल्या वस्तीतही भेटतात. त्यांना ही भूमिका सांगितली पाहिजे.

म्हणून मी टायगर बनवतो, पण माझ्या पद्धतीने. मॉडेलखालच्या पाटीवर बहुतेक जण नामांकित रणगाडा-कमांडरचं नाव लिहितात. माझ्या पाटीवर असेल : ‘कासेल. सक्तीच्या मजुरांच्या कष्टावर उभा.’ घरी येणारा प्रत्येक जण पाटी वाचून थांबेल आणि विचारेल. मग बोलणं सुरू होईल.

मित्रांनो, छंद कुठलाही असो, हातातली वस्तू कोणाच्या घामाची आहे हे विचारायची सवय सोडू नका.

जय भीम!