महिरपी कंसातलं सी

पार्सर जनरेटर शिकणाऱ्या मुलांना मी पहिली फाइल केळीच्या भावाची देतो. जळगावात काय, धुळ्यात काय, तो मजकूर समजावून सांगावा लागत नाही: रावेर, सावदा, चोपडा, पुढे क्विंटलचा भाव, ओळ संपली. फ्लेक्सने बाइट वाचून शब्द पाडायचे, बायसनने शब्दांची ओळ जुळवायची. चार-पाच नियम लिहून होतात आणि पडद्यावर येतं, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

मुलं तडक व्याकरणाकडे वळतात. नियम खोडतात, पुन्हा लिहितात. पण दोन नियम एकमेकांत अडकत असतील तर बायसन बांधणीच्या वेळीच कुरकुर करतं, शिफ्ट-रिड्यूसचे तंटे मोजून दाखवतं. बांधून झालेला प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो, तो बहुधा नियमापुढच्या महिरपी कंसात आपण लिहिलेल्या सीमुळे. ते सी बायसन तपासत नाही. जवळजवळ जसंच्या तसं उचलून ठेवतं. 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी बायसनचं पूर्वज यॅक लिहिलं, तेव्हापासूनचा हा रिवाज.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ‘वायवायटेक्स्ट’पाशी, म्हणजे फ्लेक्सने नुकत्याच वाचलेल्या शब्दाच्या पॉइंटरपाशी. गावाचं नाव म्हणून त्याचा नुसता पत्ता जपून ठेवला, तर छापताना ‘रावेर’ऐवजी ‘रावेर 1850’ येतं. नाव असतं फ्लेक्सच्या बफरमध्ये, आणि पुढचा शब्द वाचायला निघताना फ्लेक्स नावाच्या शेवटी ठेवलेला शून्य बाइट काढून घेतं. फाइल वाढली की बफर नव्याने भरतो, नाव भलतंच होतं. बफर सोडून दिल्यावर तोच पत्ता वाचला तर प्रोग्रॅम कोसळूही शकतो. जीडीबी हा डीबगर बोट दाखवतो ‘प्रिंटएफ’कडे, आणि ते बिचारं निर्दोष असतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून बांधलं, तर ती मेमरी कुठल्या ओळीत घेतली आणि कुठे सोडली, दोन्ही कळतं. मग ‘स्ट्रडप’ने नावाची स्वतःची प्रत का करायची, हे सांगायची गरज उरत नाही.

व्याकरणाकडे बोट जातं ते मोठ्या फाइलींत. ओळींची यादी उजव्या बाजूने स्वतःला बोलावणारी लिहिली, तर शेवटची ओळ येईपर्यंत आधीच्या साऱ्या स्टॅकवर ताटकळतात. बायसनची ठरीव मर्यादा 10,000. एका आठवड्याचे भाव सुरळीत जातात, काही वर्षांचे एकत्र दिले की ‘मेमरी एक्झॉस्टेड’ म्हणून पार्सर थांबतो. तीच यादी डाव्या बाजूने लिहिली, की प्रत्येक ओळ आली तशी निकालात निघते.

आणि एक दुखणं आपल्या लिपीचं. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि त्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट चालू. एखादा हुशार पोरगा वेगासाठी फ्लेक्सला ‘सीएफ’ पर्याय देतो. त्यात फ्लेक्स सहसा सातच बिटांचा स्कॅनर बनवतं. रोमन लिपीतल्या फाइलवर तो पळतो. देवनागरीतलं ‘सावदा’ समोर आलं की तक्त्याबाहेर वाचायला जातो, लटकतो किंवा कोसळतो. पर्यायांत ‘8’ घातला की भागतं, पण हे सुचायला आधी बाइट पाहावे लागतात.

म्हणून पहिली चाचणी मराठी नावांचीच घ्यायला लावतो. नुसत्या रोमन नावांवर चाललेला पार्सर माझ्या लेखी अजून चालवलेलाच नाही.