भाव नको, पट्टी सांगा

शेतकऱ्याच्या घरात 'भाव' आणि 'पट्टी' हे दोन वेगळे शब्द असतात. तासगावच्या बाजारात बेदाण्याला लागतो तो भाव. त्यातून हमाली, तोलाई, वजनातली तूट जाऊन कागदावर जे उरतं ती पट्टी. पारावर गप्पा भावाच्या होतात, घर मात्र पट्टीवर चालतं.

२०२५च्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला जर्मनीत मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे फी जवळपास नाहीच. पण विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरून दाखवावा लागतो. महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४. आमच्या हिशेबात बारा लाखांच्या वर. त्यात तिची साताऱ्यातल्या नोकरीतली बचत होती आणि पप्पांचे दोन हंगामांच्या बेदाण्याचे पैसे. एवढी रक्कम आमच्या घरातून एका दिवसात कधीच बाहेर गेली नव्हती.

तिनं साताऱ्यात तिच्या बँकेत चौकशी केली, मी सांगलीत एका मनी चेंजरकडे. सांगलीत 'शून्य कमिशन' अशी पाटी. बँकेनं मात्र चार्जेसची यादीच हातात ठेवली. ऐकायला सांगलीच स्वस्त.

पण गूगलवर दिसतो तो मधला दर, म्हणजे बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या दरांचा मध्य. तो आपल्याला कुणी देत नाही. त्यावर मार्जिन चढवून आपल्याला युरो विकले जातात. कमिशन शून्य असलं तरी मार्जिन शून्य नसतं.

हे काही आजचं नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळे रुपये चालायचे आणि एक देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापायचा. १८३५च्या कायद्यानं कंपनीचा एकसारखा रुपया आला, तसा हा प्रकार मागे पडत गेला. त्या बट्ट्याला निदान नाव तरी होतं. आताचा बट्टा दरातच मुरलेला असतो.

मी पप्पांना मार्जिन समजावून सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "भाव सगळेच सांगत्यात. पट्टी किती पडती ते इचार."

मग पट्टी मांडली. हिशेब सोपा जावा म्हणून मधला दर १०० रुपये धरू. चेंजरचा दर १०२.५०. बँकेचा आधी १०२, आणि वर दीड हजाराचे चार्जेस. चलन बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे साधारण सारखाच, हजाराच्या आसपास.

बहिणीला मी सांगितलं, बँकेत दर कमी करून माग. ती म्हणाली, "दादा, बँकेत कुठं घासाघीस करतात का?" करतात. काउंटरवर सांगतात तो दिवसाचा छापील 'कार्ड रेट'. रक्कम मोठी असेल तर शाखा ट्रेझरीकडून वेगळा दर मागवू शकते, फक्त आपण तसं म्हणावं लागतं. तेही बाजार चालू असताना, सकाळी अकराच्या सुमारास. तिनं मागितला. १०१.२० मिळाला. ८० पैशांनी साडेनऊ हजार वाचले.

आता सगळं धरून बँकेत १२,०७,२०० जात होते, चेंजरकडे १२,२१,२००. फरक १४ हजारांचा. तिकडच्या हिशेबानं तिचे चार दिवस.

टीसीएसचं घरात फार टेन्शन होतं. शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवताना त्या आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के कापले जात होते, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर काहीच नाही. पण हा खर्च नव्हे. रिटर्न भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. त्यामुळे तो पट्टीत धरला नाही, फक्त तेवढे पैसे खात्यात जास्तीचे ठेवले.

प्रश्न उरला थांबायचं का, हा. युरो उतरेल असं मला वाटत होतं. पप्पांनी बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून भावाची वाट पाहिलेली आहे. भाडं चालू, व्याज चालू, आणि भाव वाढेलच याची खात्री कुणाची नाही. "माल आपला असला तर थांबावं. हितं तारीख दुसऱ्याची हाय," ते म्हणाले. व्हिसाची तारीख हातात होती. दराचा अंदाज बांधणं हा जुगार आहे, मार्जिन कमी करून घेणं आपल्या हातात आहे. आम्ही त्याच आठवड्यात पैसे पाठवले.

शेवटची तूट वाटेतली. परदेशी पैसे जाताना मधली बँकही आपले चार्जेस कापू शकते, आणि खात्यात दहा-पंधरा युरो कमी पडले तरी व्हिसाला लागणारं पत्र अडकू शकतं. म्हणून फॉर्मवर 'सर्व चार्जेस पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडला आणि थोडे युरो जास्त पाठवले. पत्र वेळेत आलं.

आता आसपासच्या गावांतून फोन येतात. पोरगं आयर्लंडला चाललंय, पोरगी कॅनडाला. पहिला प्रश्न ठरलेला: "आज भाव काय?" मी सांगतो, दोनच आकडे लिहून आणा. तुमच्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार, आणि तिकडे नेमके किती युरो किंवा डॉलर पोचणार. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. हा भागाकार दोन-तीन ठिकाणी करा, आणि मग ज्याच्याकडे कमी येईल त्यालाही विचारा, अजून काही कमी होतंय का.