घर घेताना अंगणाखालीही पाहा!

तामलवाडीला घर घ्यायचं ठरलं तेव्हा माझं सगळं लक्ष वर होतं. पत्रे, तुळया, न्हाणीघर, स्वयंपाकघरातला उजेड! सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरचं हे गाव. यांच्या निवृत्तीनंतर निवांत राहू, म्हणून गावठाणातलं जुनं घर पसंत केलं आणि विसार देऊन टाकला.

पुढं गवंडी अंगणात नव्या खोलीच्या खांबांसाठी खुणा करत होता. शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "लेकी, हितं खांब रोवू नगंस. खाली पेव हाय."

विकणाऱ्यानं तर चकार शब्द काढला नव्हता! पहार आपटली, तर बद्द आवाज. हातभर माती काढल्यावर दगडी फरशी लागली. ती सरकवली, तर खाली काळाकुट्ट अंधार. "उतरून बघतो की किती खोल हाय," म्हणत बिगारी पोरगं वाकलं, आणि आजींनी त्याचा सदराच धरला. "आरं, माजा दीर असाच उतरला हुता. वर आला न्हाई."

आम्ही सगळे गप्पच झालो.

मैत्रिणींनो, पेव आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं असेल? तोंड लहान आणि पोट मोठं, असा हा खड्डा गावठाणाच्या कोरड्या पांढऱ्या मातीत खणत. आतून कडबा लावून ज्वारी भरत, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपत. हवा न लागल्यानं ज्वारी टिके. पण धान्यही श्वास घेतं. आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशीच राहतो. पूर्वी आत कंदील सोडून पाहत. विझला तर उतरत नसत. पण कंदील तेवला म्हणजे धोका टळला, असंही नव्हे हं!

माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, इकडंही तेच!" तिकडं थंडीत घर ऊबदार ठेवायला तेल जाळत. त्या तेलाच्या लोखंडी टाक्या जुन्या घरांच्या आवारात पुरलेल्या असतात. टाकी गंजून तेल मातीत झिरपलं, तर निस्तरण्याचा खर्च घरमालकाच्या गळ्यात. म्हणून घर घेण्याआधी तिथं यंत्रानं जमीन तपासून घेतात.

आपल्याकडं यंत्र नसलं तरी शेजार आहे! घराच्या उताऱ्यावर लांबी-रुंदी कळते, पेव कळत नाही. म्हणून विसार देण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अंगणात कुठं जमीन खचली आहे का, पावसाचं पाणी एकाच जागी मुरतं का, ते पाहा. पेव, आड, जुना शोषखड्डा असेल तर तो कुणी बुजवायचा, हे साठेखतात लिहून घ्या. उघड्या तोंडाशी मुलांना फिरकू देऊ नका. आणि कुणी आत पडलंच, तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा.

आमचं पेव आम्ही वरूनच मुरूम टाकून, थराथरानं पाणी मारून, चोपून भरलं. खांबांची जागा इंजिनिअरला विचारून बदलली. खर्च अर्थातच आमच्या माथी!

वास्तुशांतीला पहिलं ताट आजींना वाढलं. ते बिगारी पोरगंही त्यांच्या शेजारीच जेवायला बसलं होतं.